कोंबड्यांना दिलेली बैलगाडी

ज्या वर्षी वऱ्हाडात मोडकीतोडकी बैलगाडीसुद्धा हातोहात भाड्यानं जात होती, त्या वर्षी माझ्या घरमालकानं आपली धडधाकट गाडी कोंबड्यांना राहायला दिली होती. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आणि प्रत्येकानं माझ्याकडेच संशयानं पाहिलं. पाहू देत. त्या गाडीपासून वीस पावलांवरच्या पडवीत मी चार वर्षं झोपलो आहे. पहाटे तिच्यातला कोंबडा आरवला की मी त्याला पडल्या पडल्या ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

मी मूळचा मूर्तिजापूरकडचा. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकदम भाव आला. सगळे अमरावती-अकोल्याकडे धावले तसा मीही धावलो आणि अकोल्याला एका वखारीवर गठाणी बांधून घ्यायच्या कामाला लागलो. काम लगेच मिळालं, पण राहायला कोपरा मिळेना. दलाल, व्यापारी आणि गाडीवाले यांनी गाव ठासून भरलं होतं. कोणीतरी सांगितलं, मोर्णा नदीच्या काठी देवीच्या देवळामागं एक म्हातारा माळी आहे, त्याची पडवी रिकामी आहे, पण माणूस जरा... आणि सांगणाऱ्यानं कपाळाशी बोट फिरवून दाखवलं. मी म्हटलं, मला काय त्याच्याशी सोयरीक करायची आहे!

म्हाताऱ्यानं मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. तो म्हणाला, "चालून दाखव." मला वाटलं, माझी चेष्टा चालली आहे. पण तो गंभीर होता. वांग्याच्या आणि मेथीच्या वाफ्यांमधून वीतभर रुंदीची वाट होती, तिच्यावरून मला त्यानं विहिरीपर्यंत जायला आणि परत यायला लावलं. सगळा वेळ तो माझ्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, पाय सरळ पडते तुहे, राह्य. माझ्याआधी आलेल्या दोघांचा पाय वाफ्यात पडला होता म्हणून त्यांना त्यानं तिथूनच वाटेला लावलं होतं, हे मला नंतर कळलं.

सगळे त्याला आबा म्हणत. आबा माणसांना अरे-तुरे करी. पाटलाशी बोलतानाही त्याचं 'तुमी' दोन वाक्यांत 'तू' होऊन जाई. पण झाडांशी तो कायम अदबीनं बोले. सकाळी मोटेचं पाणी सोडताना शेवंतीजवळ उकिडवा बसून तिची विचारपूस करी, की आज तोंड काहून उतरलं, पाणी पोचलं नाई काय तुमच्यापोत? वांग्याला कीड लागली की तो वांग्याची माफी मागे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फस्सकन हसलो. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या मळेवाल्यांनी मिरच्या उपटल्या, वांगी उपटली आणि कपाशी लावली. काहींनी तर अंगणातल्या झेंडूच्या जागीही चार-चार झाडं टोचली. लोकांच्या हातात पैसा खेळत होता. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या, कोणी गाडीच्या चाकाला चांदीची पट्टी ठोकली म्हणे. आबानं एक वाफा बदलला नाही. शहाणे लोक त्याला समजावायला येत तेव्हा तो म्हणे, कापूस शिजवून खाता येत असंन त सांग, मी बी लावतो. आलेला माणूस जाताना त्याच्याकडूनच शेरभर वांगी मागून नेई, कारण गावात भाजी मिळणं मुश्कील झालं होतं.

आता कोंबड्यांचं सांगतो. कोंबड्या आबाच्या नव्हत्याच. त्या त्याच्या बायकोच्या. मी तिला माय म्हणे. बारीक चणीची, बारीक आवाजाची बाई होती, पण तो बारीक आवाज नदीपलीकडे जाई. मूलबाळ झालं नव्हतं. फार वर्षांपूर्वी धारणीकडची एक कोरकू बाई मध आणि चारोळी विकायला आली आणि पुरामुळे अडकली. मायनं तिला आठ दिवस ठेवून घेतलं. जाताना तिनं दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, मायच्या ओटीत घातल्या. त्या दोनाच्या वीस झाल्या आणि आबाच्या घरात भांडण कायमचं वस्तीला आलं.

कारण कोंबडीला माती दिसली की उकरल्याशिवाय राहवत नाही. त्यातून नुकती लावलेली, ओली, भुसभुशीत माती म्हणजे तिचा सणच. आबानं सकाळी शेवंतीची रोपं लावावी आणि दुपारी ती मुळं वर करून पडलेली असावी. मग तो डोक्यावरचं पागोटं काढून जमिनीवर आपटी आणि मायशी बोलणं बंद करी. माय त्याला भाकर वाढताना कोंबड्यांची बाजू मांडी, की त्या किडे खातात, वाळवी खातात, खत देतात, तुमची शेवंती त्यांच्याचमुळं एवढी फुलते. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच आबाला जास्त राग येई. तीस वर्षं हे चाललं होतं असं शेजारी सांगत. मी त्यातली दोन वर्षं पाहिली आणि एक दिवस चुकला तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होई.

तिसऱ्या उन्हाळ्यात गाड्यांच्या तळावर पटकीची साथ आली. रोज शेकडो गाड्या, शेकडो माणसं, एकच पाणवठा. तळावरून साथ गावात शिरली. माय सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून आत येऊन पडली ती दुसऱ्या दिवशी उठली नाही. मी तिच्या तोंडात पाणी घातलं आहे. याहून जास्त मला त्याबद्दल लिहवत नाही.

तेरावं झालं. आता म्हातारा कोंबड्या काढून टाकणार, हे सगळ्या गावानं धरून चाललं होतं. एक शेजारी तर डालगं घेऊनच आला, म्हणाला, आबा, तुझा जीव सुटला, मी नेतो यांना. आबानं त्याला विचारलं, काहून, बिमार हायेत काय त्या? तो डालगं घेऊन परत गेला.

तेव्हापासून आबानं कोंबड्यांशी खरी लढाई सुरू केली. आजवर तो मायच्या नावानं शंख करून मोकळा होई. आता दोन्हीकडची जबाबदारी त्याच्यावर आली, शेवंतीही त्याची आणि कोंबड्याही त्याच्याच. त्यानं वाफ्यांना बोराटीचं कुंपण घातलं, कोंबड्या वरून उडून आत आल्या. भोयांकडून जुनं जाळं आणून रोपांवर पसरलं, त्यात एक कोंबडी अडकली आणि सुटण्याच्या धडपडीत सगळं जाळं रोपांसकट घेऊन गेली. ओढाळ गायीच्या गळ्यात लोढणं बांधतात तसं त्यानं एका कोंबडीच्या पायाला लाकूड बांधलं, तेव्हा ती उकरणं सोडून रोपं झोपवत फिरू लागली. नदीतले गोटे आणून रोपांच्या बुडाशी मांडले, ते मात्र चाललं, मोठ्या झाडांपुरतं. कोवळ्या रोपांना गोटे जड होत. रोज संध्याकाळी तो मला ताजी हकिकत सांगे आणि शेवटी म्हणे, कोंबडी वाईट नाई बाप्पा, तिचे पाय वाईट हायेत.

एका सकाळी उठून पाहतो तर त्यानं बैलगाडीचं बूड काढलेलं. फळ्यांच्या जागी कामट्यांची ताटी ठोकली, म्हणजे हगलेलं सगळं खाली मातीत पडावं. बाजू पऱ्हाटीनं विणून काढल्या. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा त्यानं आयुष्यात केलेला हा एकच उपयोग. आत बसायला दांड्या, मागं चढायला फळी, चाकांभोवती उचलून ठेवता येतील अशा तट्ट्या. ज्या वाफ्यातलं पीक निघालं, त्या रिकाम्या वाफ्यावर गाडी ढकलायची. कोंबड्यांनी खाली उतरून तट्ट्यांच्या आत हवं तेवढं उकरावं, किडे वेचावे, खत टाकावं. चार दिवसांनी गाडी पुढच्या रिकाम्या वाफ्यावर न्यायची आणि मागच्यात रोपं लावायची. दिवस कलताना तेवढं तासभर त्यांना नदीकाठी मोकळं सोडायचं, आणि तेव्हा स्वतः काठी घेऊन शेवंतीपुढं उभं राहायचं. माणूस वेडा होता की नव्हता ते तुम्ही ठरवा, पण मी त्या मळ्यातली वांगी खाल्ली आहेत आणि तसली वांगी पुन्हा कुठे मिळाली नाहीत.

गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. गाड्यांअभावी वखारीत गठाणी पडून होत्या, आणि इकडे एक चांगली गाडी कोंबड्यांच्या बुडाखाली! आबा स्वतः भाजीची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात पायी जाऊ लागला. माझ्या सेठनं मला हुकूम केला, तुझाच घरमालक ना, म्हणेल ते भाडं देतो, गाडी आण. मी भीत भीत विषय काढला. आबानं मला हाताला धरून गाडीपुढं नेलं आणि आत तोंड घालून कोंबड्यांना विचारलं, काय वं भवान्याहो, खामगावले जाता काय कापूस घेऊन? मग कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि मला म्हणाला, नाई म्हणून राहिल्या, सांग तुह्या सेठले. मी सेठला काय सांगितलं ते विचारू नका.

पण हसण्यावारी गेलं तेवढं गेलं. भाद्रपद संपत आला आणि खरं संकट पुढं उभं राहिलं. नवरात्रात देवीच्या घटावर रोज एक अशा नऊ माळा चढतात. आमच्या त्या देवळात नऊच्या नऊ माळांचा मान आबाच्या घराण्याचा होता. त्याच्या आज्यानं माळा वाहिल्या, बापानं वाहिल्या, आणि हा स्वतः बारा वर्षांचा असल्यापासून वाहत होता. वर्षभर ती शेवंती तो त्या नऊ दिवसांसाठीच जपे. अदबीनं बोलायचं ते उगीच नाही, देवीच्या गळ्यात जाणारी मंडळी होती ती.

एके दिवशी पाटील आणि देवळातला गुरव दोघंही मळ्यात आले. गुरव आबाच्याच वयाचा, जन्मापासून कुंपणापलीकडे देवळात राहिलेला, तोंडानं फटकळ पण मनाचा वाईट नव्हे. मानाच्या घरी कोंबड्या नकोत असा रिवाज. माय होती तोवर बाईमाणसाचा हट्ट म्हणून सगळ्यांनी डोळेझाक केली होती. आता ती नाही. त्यातून गाडीचा बोभाटा झालेला, आणि कोंबड्यांचं खत शेवंतीच्या मुळाशी जातं हे गावभर झालेलं. पाटील म्हणाला, घट बसायच्या आत कोंबड्या घालव, नाहीतर मान दुसऱ्याला जाईल. आबानं गाडी दाखवली, तट्ट्या दाखवल्या, एकाही कोंबडीचा पाय फुलाला लागत नाही हे परोपरीनं सांगितलं. गायीचं शेण चालतं तर हे का नाही, असंही विचारलं. गुरव म्हणाला, गाय ते गाय. दोघं गेल्यावर तो कितीतरी वेळ शेवंतीच्या वाफ्याकडे पाठ करून बसला होता. एवढ्या वर्षांत तो तिच्याकडे पाठ करून बसलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्या कोंबड्या डालग्यात घातल्या आणि नदीपलीकडच्या वस्तीत ओळखीच्या घरी द्यायला निघाला. मी सोबत येतो म्हटलं, नको म्हणाला. मळा एकदम ओसाड वाटला, खोटं कशाला सांगू, मला त्या कोंबड्याचीसुद्धा आठवण आली. दुपारी आबा परतला तेव्हा डालगं डोक्यावरच होतं, आणि त्यात सगळ्या कोंबड्या होत्या.

मी विचारलं, घेतल्या नाहीत काय त्यांनी? म्हणाला, घेत होते. मग त्यानं एकेक कोंबडी काढून गाडीत सोडली आणि फळीवर बसला.

"मी बोलावलं त येत नाईत त्या," तो म्हणाला. "कधीच आल्या नाईत. तिच्याच आवाजाले येतेत. म्हून मले रोज तिच्यासारखा आवाज काढा लागते. आज देऊन टाकल्या त मंग उद्यापासून तिच्या आवाजात मी कोणाले बोलावू?"

मी तो आवाज रोज ऐकत होतो. वखारीवरून येताना, दिवस कलताना, मळ्यातून तो बारीक, लांबलेला सूर येई. मी आपला समजत होतो, म्हातारा अजून मायची नक्कल करून चिडवतो आहे, तीस वर्षांची सवय. मला माझीच लाज वाटली. मी तिथून उठून विहिरीवर गेलो आणि उगीचच हातपाय धुतले.

त्याच दिवशी आबा पाटलाकडे जाऊन सांगून आला, मान ज्याले द्यायचा त्याले द्या, कोंबड्या राहतीन. परत आला तो सरळ मोटेकडे निघाला. मी म्हटलं, आबा, वाईट वाटतं ना. तो म्हणाला, वाटते ना, लय वाटते. आणि पाणी द्यायला गेला. पण त्या दिवसापासून तो शेवंतीशी बोलेना. म्हणे, कुठं जायचं थे मी त्याईले सांगून ठेवलं होतं, आता कोणतं तोंड दाखवू?

घट बसले. मान एका दुसऱ्या माळ्याला मिळाला, आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की त्या माळ्याच्या मळ्यात कपाशी उभी आहे. त्याच्याच काय, आसपास कोणाच्याच मळ्यात फूल नव्हतं. सगळं गाव कापसात गर्क, फुलांचा विचार कोणी केलाच नव्हता. पहिल्या दोन माळा त्यानं मूर्तिजापूरहून झेंडू मागवून भागवल्या, ती फुलं येईपर्यंत कोमेजलेली. तिसऱ्या दिवशी तेही मिळेनात. मग पूजेला कापसाचं वस्त्र करतात ना, तसं लांबलचक वस्त्र करून तेच माळ म्हणून चढवलं. चौथ्या दिवशी पुन्हा कापूस. बायका देवळातून तोंडाला पदर लावून बाहेर पडू लागल्या. देवीला फूल नाही आणि कुंपणापलीकडे शेवंतीचा वाफा पिवळाजर्द, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं.

चौथ्या दिवशीच आबाला ताप भरला. पाचव्या दिवशी तो डोळे उघडेना. मी वखारीवर गेलो नाही, त्याची बाज पडवीत माझ्याजवळ आणून ठेवली. दिवस कलायला लागला तशा कोंबड्या गाडीत कलकलाट करू लागल्या, त्यांची सुटायची वेळ झाली होती. मला दया आली आणि मी दार उघडलं. मूर्खपणा माझा. शेवंतीपुढं काठी घेऊन उभं राहायचं असतं हे मी साफ विसरलो होतो. सगळ्या कोंबड्या सरळ शेवंतीत गेल्या.

मी हाका मारल्या, दाणे फेकले, एकीनं मान वर केली नाही. पिटाळायला आत शिरावं तर माझ्याच पायाखाली रोपं जाणार. दोन रोपं तोवर मुळासकट वर आली होती. अंधार पडेपर्यंत त्यांनी अख्खा वाफा उपटला असता. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं, आणि तेवढ्यात कुंपणाशी गुरव उभा दिसला. हातात रिकामी परडी होती. तो कशाला आला होता हे विचारायची गरज नव्हती. त्यानं बाजेवर पडलेला आबा पाहिला, माझी फजिती पाहिली, शेवंतीतल्या कोंबड्या पाहिल्या. मग परडी खाली ठेवली, इकडेतिकडे कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि तोंडाशी हात धरून हाक दिली.

"आ, ती ती ती... या वं बायाहो, या..."

बारीक, लांबलेला, थेट मायचा सूर. तीस वर्षं कुंपणापलीकडे बसून त्यानंही तो ऐकला होता. कोंबड्यांनी माना वर केल्या आणि एकीमागून एक वाफ्यातून निघून फळीवरून गाडीत चढल्या. मी दार लावलं.

पडवीतून आबाचा आवाज आला. ताप डोक्यात गेलेला, डोळे मिटलेलेच.

"अवं, शेवंतीत त नाई न गेल्या तुह्या कोंबड्या?"

गुरवानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच बारीक आवाजात तो म्हणाला, "नाई गेल्या. निजा तुमी."

आबा कुशीवर वळला. गुरव वाफ्यात गुडघ्यांवर बसला, उकरलेली दोन्ही रोपं त्यानं आपल्या हातानं मातीत नीट दाबली, आणि उद्याच्या माळेची पहिली फुलं त्याच दोन रोपांची तोडून परडीत ठेवली.